फ्लेम फोटोमीटरवर पालाशाचे रीडिंग घसरते किंवा थरथरते, तेव्हा कोणत्या क्रमाने तपासावे

सांगलीत माती, पाणी आणि द्राक्षाचे पानदेठ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे फ्लेम फोटोमीटर, म्हणजे द्रावण ज्योतीत फवारून निघणाऱ्या प्रकाशावरून त्यातले पोटॅशियम व सोडियम मोजणारे यंत्र, चालवते आहे. या काळात यंत्र दोनदा बदलले, पण एक तक्रार मात्र दर हंगामात परत येते: सकाळी व्यवस्थित जुळवलेले रीडिंग दुपारपर्यंत हलू लागते आणि मग कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हेच कळेनासे होते. आसपासच्या महाविद्यालयांतून, माती परीक्षण करणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांतून आणि साताऱ्याकडच्या सहकाऱ्यांकडूनही हाच प्रश्न येतो. बहुतेकांचा फोन येतो तेव्हा यंत्राचे मागचे झाकण उघडून झालेले असते, म्हणून तपासण्याचा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे. माझ्या अनुभवात दोष इलेक्ट्रॉनिक भागात क्वचितच निघाला. ज्योतीपर्यंत द्रावण, हवा आणि गॅस असे तीन प्रवाह पोहोचतात. त्यांपैकी एकाचा वेग बदललेला असतो, आणि बहुतेक वेळा तो द्रावणाचाच असतो.

लक्षणे

लक्षण नीट ओळखल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

सर्वांत जास्त वेळा दिसते ती संथ घसरण. ४० पीपीएमचे (लिटरला ४० मिलिग्रॅम पोटॅशियम असलेले) प्रमाणित द्रावण १०० वर जुळवून नमुने घ्यायला सुरुवात केली, दहा-बारा नमुन्यांनंतर तेच द्रावण पुन्हा लावले, तर डिस्प्लेवर ९३ दिसते आणि आणखी दहा नमुन्यांनी ८६. ज्योत निळी व शांत असते, आकडा थरथरत नाही, फक्त खाली सरकत जातो. हे लक्षण सर्वांत घातक आहे, कारण जो मध्ये मध्ये प्रमाणित द्रावण लावून पाहत नाही त्याला ते दिसतच नाही, आणि शेवटच्या वीस शेतकऱ्यांच्या अहवालांत पालाश आहे त्यापेक्षा कमी छापला जातो.

दुसरे लक्षण म्हणजे थरथर. एकच द्रावण लावलेले असताना आकडा ५५ आणि ६३ यांच्यामध्ये खाली-वर होत राहतो. ही थरथर ठरावीक तालाने होते की कशीही होते, हे घड्याळ समोर ठेवून पाहावे. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

तिसऱ्या प्रकारात ब्लँक (नमुना नसलेले नुसते द्रावण) शून्यावर येत नाही किंवा आलेला शून्य टिकत नाही. सोडियमच्या बाबतीत हे जास्त घडते आणि नमुना लावलेला नसतानाही ज्योतीत पिवळ्या छटा चमकून जातात. चौथ्या प्रकारात रीडिंग स्थिर असते, पण सगळेच कमी येते आणि १०० वर आणण्यासाठी गेनचे (संकेत वाढवण्याचे) बटण रोजच्यापेक्षा बरेच पुढे न्यावे लागते. पाचवा प्रकार फसवा असतो: शून्य बरोबर, वरचे प्रमाणित द्रावण बरोबर, पण मधले २० पीपीएमचे द्रावण भलताच आकडा दाखवते.

थोड्याशा घसरणीने काय बिघडते, असे नवीन मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना हिशोब करायला लावते. ५ ग्रॅम माती, २५ मिलिलिटर अमोनियम अॅसिटेट (मातीतले पोटॅशियम अर्कात काढून घेणारे द्रावण), म्हणजे अर्कातल्या पीपीएमला ५ ने गुणायचे. हेक्टरी किलोसाठी २.२४ ने आणि पोटॅशियमचे पालाशात रूपांतर करण्यासाठी १.२ ने. अर्कात २४ पीपीएम असेल तर हेक्टरी पालाश सुमारे ३२३ किलो होतो आणि यंत्राने २० दाखवले तर सुमारे २६९ किलो. अर्कातल्या चार पीपीएमचा फरक अहवालात चौपन्न किलोंचा होतो, मातीचा वर्ग बदलू शकतो आणि शेतकरी गरज नसलेल्या खताची पोती गाडीत भरून नेतो.

आधी ज्योत न पेटवता पाहावे

या तपासणीला एक पैसा लागत नाही, पण सगळा शोध कोणत्या बाजूला न्यायचा हे तिच्यावरून ठरते. गॅस बंद ठेवावा, चिमणीचे झाकण लावलेले असावे, यंत्र वीस मिनिटे चालू ठेवून डिस्प्ले शून्यावर आणावा आणि पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. आकडा जागेवर राहिला तर डिटेक्टर आणि विजेची बाजू बहुधा ठीक आहे, आणि दोष ज्योतीत किंवा ज्योतीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. अंधारातही आकडा उड्या मारत असेल तर त्याच बोर्डावर ओव्हन, फ्रीज किंवा शेकर चालू आहे का ते पाहावे, यंत्राला स्वतंत्र स्टॅबिलायझर आणि व्यवस्थित अर्थिंग आहे का याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. एवढे करूनही अंधारातले रीडिंग हलत असेल तर पुढची एकही तपासणी करण्याची गरज नाही; सेवा अभियंत्याला बोलवावे.

मग ज्योत पेटवावी. आधी हवा, नंतर गॅस. बंद करताना आधी गॅस, नंतर हवा. ज्योत पेटल्यावर डिस्टिल्ड वॉटर शोषले जात असताना किमान पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, कारण बर्नर आणि चिमणी तापेपर्यंत रीडिंग आपोआप सरकत असते. घाईच्या दिवशी पाचव्या मिनिटाला जुळवणी करून काम सुरू केले आणि मग यंत्र बिघडले म्हणून फोन केला, असे अनेकदा घडते. याच वेळी छताचा पंखा बंद करावा, यंत्रावर थेट येणारे ऊन पडद्याने अडवावे आणि खिडकीतून येणारा झोत चिमणीच्या तोंडावर येत नाही ना ते पाहावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा बंद करणे जिवावर येते, पण फडफडणाऱ्या ज्योतीवरून घेतलेला आकडा अहवालात घालण्याजोगा नसतो.

पाणी, धूळ आणि बोटे

ब्लँक शून्यावर येत नसेल तर यंत्रावर संशय घेण्याआधी पाण्यावर घ्यावा. आमच्या भागात बोअरचे पाणी क्षारांचे आहे. डिस्टिलेशनच्या भांड्यात पांढरा थर साचला आणि पाणी जोरात उकळले की बारीक तुषार वाफेबरोबर पलीकडे जातात. वेगळ्या ठिकाणाहून आणलेले शुद्ध पाणी आणि आपले पाणी एकामागून एक लावून पाहावे, दोन मिनिटांत उत्तर मिळते.

सोडियम किती सहज शिरते हे मी प्रत्येक नव्या मदतनीसाला प्रत्यक्ष दाखवते. सोडियमचा फिल्टर (फक्त सोडियमचा प्रकाश पुढे जाऊ देणारी काच) लावून, शुद्ध पाणी शोषत असताना शून्य जुळवायचा आणि मग कोरडी वाटणारी तर्जनी त्याच बीकरमध्ये क्षणभर बुडवायची. ज्योतीच्या निळ्या शंकूवर पिवळी जीभ उमटते आणि आकडा वर चढतो. त्यानंतर शोषणाची नळी बोटांनी पुसायला सांगावे लागत नाही. मदतनीस स्वतःच टिश्यू शोधू लागतो. बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० मध्ये हेच फार मोठ्या काळजीने दाखवून दिले होते. त्यांनी उपकरणापासून खोलीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात अवघ्या ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा दुग्धशर्करेबरोबर स्फोट घडवला, खोली सुमारे ६० घनमीटरची होती, आणि काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची पिवळी रेषा उजळली. म्हणून यंत्र चालू असताना त्या खोलीत झाडू मारू नये, मातीचे नमुने कुटू किंवा चाळू नयेत. सोडियमची कमी तीव्रतेची द्रावणे काचेच्या बाटलीतही ठेवू नयेत, कारण काचेतूनच सोडियम उतरते. पॉलिथिनच्या बाटल्या स्वस्त आहेत आणि फुटतही नाहीत.

शोषणाचा वेग मोजावा

मला एकच तपासणी निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. नेब्युलायझर (द्रावण ओढून त्याचे बारीक तुषार करणारा भाग) दर मिनिटाला किती द्रावण ओढतो यावर रीडिंग सरळ अवलंबून असते, कारण ज्योतीत जेवढे पोटॅशियम पोहोचेल तेवढाच ७६६.५ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर पडणार. तरीही हा वेग यंत्रावर कोठेच दिसत नाही. हवेच्या दाबाचा काटा असतो, गॅसचा नॉब असतो, पण द्रावणाचा वेग आपल्यालाच मोजावा लागतो.

त्यासाठी १० मिलिलिटरचे मोजपात्र डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरावे, नळी त्यात सोडावी आणि बरोबर एक मिनिटाने पातळी वाचावी. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. यंत्रायंत्रात फरक असतो. साधारण ३ ते ५ मिलिलिटरच्या आसपास आकडा येतो, पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या यंत्राचा निरोगी दिवसाचा आकडा महत्त्वाचा. तो यंत्राच्या बाजूला चिकटवून ठेवावा. आमच्याकडे तो ३.८ आहे, आणि ३.५ च्या खाली गेला की मी नमुने थांबवते.

हा नियम मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी फळछाटणीच्या आधी तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदारांनी मातीचे दोन नमुने दिले. एक सकाळच्या तुकडीत तिसरा लागला, दुसरा दुपारी अठ्ठाविसावा. आठवड्याने ते दोन्ही अहवाल हातात घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, माती एकाच टोपलीतली आहे. मीच दोन पिशव्या भरल्या होत्या. मग पालाश वेगळा कसा आला?" माझ्याकडे त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. संध्याकाळी मी शोषणाचा वेग मोजला तर तो २.९ वर आलेला होता. नळी काढून उजेडात धरली, तेव्हा तिच्या आत कापसाच्या तंतूसारखे पांढुरके काहीतरी अडकलेले दिसले. आधी मला तो फिल्टर पेपरचा धागा वाटला. मग अमोनियम अॅसिटेटची पाच लिटरची बाटली खिडकीपाशी नेऊन हलवली. तळाशी त्याच रंगाचे जाळे डुलत होते. ती बुरशी होती. उदासीन अमोनियम अॅसिटेट आठवड्यांमागून आठवडे तसेच ठेवले तर त्यात बुरशी वाढते, पावसाळ्यात लवकर वाढते, आणि तिचे तुकडे नमुन्यांबरोबर नळीत जाऊन हळूहळू वाट अडवतात. त्या दिवसाचे सगळे नमुने मी पुन्हा तपासले आणि त्या बागायतदारांना दुरुस्त अहवाल स्वतः नेऊन दिला.

वेग कमी आढळला तर आधी नुसती बाहेरची प्लास्टिकची नळी बदलावी. तिला फार पैसे पडत नाहीत, मात्र नवी नळी जुन्याइतक्याच लांबीची आणि तेवढ्याच आतल्या व्यासाची असावी, नाहीतर वेग पुन्हा वेगळा येईल. फरक पडला नाही तर ज्योत विझवून, गॅस सिलिंडरपाशी बंद करून, नेब्युलायझर काढावा आणि यंत्राबरोबर आलेली बारीक तार नळीच्या बाजूने अलगद फिरवावी. शिवणाची सुई, टाचणी किंवा जाड तार कधीही घालू नये; टोकाचे छिद्र केसभर रुंद झाले तरी तुषारांचा आकार बदलतो आणि ते पूर्ववत करता येत नाही. त्यानंतर कोमट पाण्यात सौम्य साबणद्रव घालून तासभर भिजवावे आणि भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. काच किंवा टेफ्लॉनचा भाग असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थोडा वेळ चालते, पण पोलादी सुई असलेल्या नेब्युलायझरला ते लावू नये, पोलाद खाल्ले जाते.

मूळ कारण दूर केल्याशिवाय अडथळा परत येणारच. मातीचा अर्क गढूळ दिसला तर पुन्हा गाळावा, पहिले काही थेंब टाकून द्यावेत, आणि बीकरच्या तळाशी गाळ बसला असेल तर नळीचे टोक तळाला टेकू देऊ नये. अमोनियम अॅसिटेट लागेल तेवढेच ताजे करावे. फ्रीजमधून काढलेले अर्क लगेच लावू नयेत, कारण थंड द्रावण घट्ट असते आणि कमी वेगाने ओढले जाते. पानदेठाच्या पचनानंतरच्या (देठ आम्लात विरघळवल्यानंतरच्या) द्रावणात आम्ल असते, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा जड वाहते. त्याची तुलना पाण्यात केलेल्या प्रमाणित द्रावणाशी केली तर चूक आपण स्वतःच आत आणतो. काम संपल्यावर दहा मिनिटे डिस्टिल्ड वॉटर शोषू द्यावे. घरी जायची घाई असते तेव्हा हीच दहा मिनिटे वगळली जातात, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ नळी साफ करण्यात जाते.

सांडपाण्याची नळी

थरथर ठरावीक तालाने होत असेल, म्हणजे दर चार-पाच सेकंदांनी आकडा एक झोका घेत असेल, तर नजर ज्योतीवरून खाली न्यावी. ओढलेल्या द्रावणाचा थोडासाच भाग तुषार होऊन ज्योतीत जातो. बाकीचे मिक्सिंग चेंबरमधून (तुषार, हवा आणि गॅस मिसळतात त्या पोकळीतून) ड्रेनच्या नळीने बाहेर पडते. त्या नळीला वेटोळे असते आणि त्यात पाणी भरलेले असावे लागते. नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असेल, किंवा नळी मध्येच झोळ पडून लोंबत असेल, तर पाणी साचते, मग एकदम गुडगुडत सुटते, चेंबरमधला दाब बदलतो आणि ज्योत हलते. टोक बादलीतल्या पातळीच्या वर ठेवावे आणि नळी सरळ उताराने न्यावी. वेटोळ्यातले पाणी मात्र कधीही कोरडे पडू देऊ नये, कारण चेंबरमधला न जळलेला गॅस खोलीत येण्यापासून तेच पाणी थोपवून धरते. सुट्टीनंतर यंत्र सुरू करताना मी सर्वांत आधी तेथे पाणी आहे ना ते पाहते.

हवा आणि गॅस

हवेच्या दाबाचा काटा स्थिर असावा, आणि यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबावर असावा. काटा थरथरत असेल तर कॉम्प्रेसरकडे जावे. पावसाळ्यात, विशेषतः पाटण आणि जावळीकडच्या दमट हवेत, हवेच्या फिल्टरच्या वाटीत तासाभरात पाणी साचू शकते. ते रोज सकाळी आणि दुपारी काढून टाकावे. पाण्याचा एखादा थेंब नेब्युलायझरपर्यंत पोहोचला की आकडा क्षणभर कोसळतो आणि परत येतो. वाटीत तेलकट तवंग दिसला तर कॉम्प्रेसर दुरुस्तीला द्यावा. गावाकडच्या प्रयोगशाळांत संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज जड होतो आणि दाब उतरतो. अशा ठिकाणी नमुने सकाळी उरकलेले बरे.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते, त्यातला प्रोपेन आधी उडून जातो, आणि सिलिंडर संपत येतो तेव्हा उरलेल्यात ब्युटेनचे प्रमाण वाढलेले असते. ज्योतीचा स्वभाव त्याने बदलतो. महत्त्वाच्या तुकडीसाठी संपत आलेला सिलिंडर वापरू नये, आणि सिलिंडर बदलल्यावर जुळवणी पुन्हा करावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सिलिंडरमधला दाबही कमी होतो. म्हणून त्याला गरम पाण्यात ठेवण्याचा किंवा हीटरजवळ नेण्याचा उद्योग कोणीही करू नये.

ज्योत कशी दिसावी? बर्नरच्या छिद्रांवर लहान, टोकदार, एकमेकांपासून वेगळे दिसणारे निळे शंकू असावेत आणि आवाज हलका असावा. शंकू एकमेकांत मिसळून वर पिवळी शेंडी आली तर गॅस जास्त आहे. ज्योत बर्नरपासून उचललेली आणि फुरफुरणारी असेल तर गॅस कमी किंवा हवा जास्त आहे. गॅसचा नॉब एकदा जुळवला की तुकडी संपेपर्यंत हलवू नये; हलवला तर ब्लँकपासून सगळे पुन्हा.

गळतीचा संशय आला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. काडी पेटवून पाहणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांचा हात धरून त्यांना थांबवलेही आहे.

प्रमाणित द्रावणे

येथपर्यंत सगळे ठीक निघाले आणि मधला बिंदू तरी चुकतो आहे, तर अर्धा दिवस बाजूला काढून प्रमाणित द्रावणे नव्याने करावीत. पोटॅशियम क्लोराइड ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून, १.९०७ ग्रॅम वजन करून एक लिटर केले की १००० पीपीएम पोटॅशियम होते. सोडियमसाठी सोडियम क्लोराइड २.५४२ ग्रॅम. पुढची पातळ द्रावणे त्याच अमोनियम अॅसिटेटमध्ये करावीत ज्यात मातीचा अर्क काढला आहे, आणि ब्लँकही तेच असावे. साध्या पाण्यात केलेल्या मालिकेवर अॅसिटेटमधले नमुने वाचणे ही चूक मी सर्वांत जास्त प्रयोगशाळांत पाहिली आहे.

एकाच वरच्या द्रावणावर भिस्त ठेवू नये. ०, १०, २०, ३० आणि ४० असे पाच बिंदू घेऊन आलेख काढावा. तो अगदी सरळ येणार नाही आणि त्यात यंत्राचा दोष नाही. खालच्या टोकाला पोटॅशियमच्या अणूंपैकी काही ज्योतीत इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि आपल्याला हवा तो प्रकाश देत नाहीत. वरच्या टोकाला ज्योतीच्या बाहेरच्या थंड थरातले अणू आतला प्रकाश स्वतःच शोषून घेतात, म्हणून आलेख वाकतो. आलेखाच्या बाहेर जाणारा नमुना ताणून वाचू नये, पातळ करून पुन्हा लावावा. पानदेठांच्या बाबतीत हे नेहमीच करावे लागते: अर्धा ग्रॅम देठ १०० मिलिलिटरमध्ये घेतले आणि त्यात २ टक्के पोटॅशियम असले, तर द्रावण १०० पीपीएमचे होते.

मिरज, पलूस आणि वाळवा तालुक्यांतल्या नदीकाठच्या क्षारपड जमिनींचे नमुने वेगळे लावावेत. त्यांच्यात सोडियम भरपूर असते, त्याचे इलेक्ट्रॉन ज्योतीत मिसळतात, पोटॅशियमचे आयन होणे कमी होते आणि पालाश आहे त्यापेक्षा थोडा जास्त दिसतो. अशा तुकडीसाठी प्रमाणित द्रावणांतही साधारण तेवढेच सोडियम घातले तर तुलना बरोबरीची होते.

बर्नर, चेंबर आणि काच

सगळी रीडिंग स्थिर पण कमी येत असतील तर हे पाहावे. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, गॅस सिलिंडरपाशी बंद करून, बर्नरच्या छिद्रांवर बसलेला पांढरा क्षार मऊ ब्रशने आणि पाण्याने काढावा. मिक्सिंग चेंबर सुटा होत असेल तर धुवावा. भिंतीवर थेंब चिकटून राहत असतील तर तो चिकट झाला आहे असे समजावे. ज्योत आणि फिल्टर यांच्यामधली काच लेन्सच्या कागदाने पुसावी. पावसाळ्यानंतर तिच्यावर धूसर डाग दिसतात. फिल्टर स्वतः मात्र पुसू नये, त्यावरचा लेप निघतो. फिल्टरच्या खाचेत सोडियमच्या जागी पोटॅशियमचा बसवलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

कोठे थांबावे

गॅसचा वास आला तर तपासणी तेथेच संपली. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत, दिव्याचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू-बंद करू नये आणि सगळ्यांनी बाहेर यावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाला उशिरा जाणवतो. गळती रेग्युलेटरच्या बाहेरच्या सांध्यावर असेल तर गॅस वितरकाचा माणूस बोलवावा. यंत्राच्या आत असेल तर सेवा अभियंताच हवा. यंत्राच्या आतली गॅसची नळी, व्हॉल्व्ह किंवा ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा आपण उघडायची नाही, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी.

ज्योत फट् आवाज करून आत ओढली गेली तर एकदा ड्रेनचे पाणी आणि हवेचा दाब पाहून पुन्हा पेटवावी. दुसऱ्यांदा तसेच झाले तर पेटवू नये. नेब्युलायझर स्वच्छ करूनही वेग आला नाही, तार फिरवताना टोक वाकले किंवा काच तडकली, तर नवा भाग अभियंत्याकडून बसवून जुळवून घ्यावा. अंधारातले रीडिंग हलत असल्यास, किंवा गेन शेवटपर्यंत नेऊनही वरचे द्रावण १०० वर येत नसल्यास, डिटेक्टर अथवा त्याचे सर्किट तपासावे लागते, आणि ते आपले काम नाही.

अभियंता येण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: ज्योत नसतानाचे रीडिंग, ब्लँकचे रीडिंग, मिनिटाला शोषले जाणारे पाणी, हवेचा दाब आणि पाचही प्रमाणित द्रावणांचे आकडे. यामुळे त्याचा निम्मा दिवस वाचतो आणि तो चुकीचा भाग बदलून जाण्याची शक्यता कमी होते. दुरुस्तीनंतर शोषणाचा वेग त्याच्यासमोरच पुन्हा मोजावा, आणि आपल्या नेहमीच्या कंट्रोल मातीचा अर्क लावावा. आम्ही यासाठी एकाच शेतातली माती वाळवून, चाळून, एका मोठ्या डब्यात भरून ठेवली आहे. दर दहा नमुन्यांनंतर तिचा अर्क लावतो. तिचा आकडा जेथे शेवटचा बरोबर आला होता, त्यानंतरचे सगळे नमुने पुन्हा घ्यावेत, आणि तोवर त्यांचे अहवाल सहीसाठी पाठवू नयेत.